मुल्हेरचा प्रतापशाह : सुरतेच्या वाटेवरचा राजा

सुरतेच्या नवागाम-डिंडोलीतल्या मराठी माणसाला गाव विचारले तर उत्तर बहुधा खानदेशातले येते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी धरायची, बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकायचे आणि नवापूर आले की आपला मुलूख सुरू झाला असे समजायचे. लोहमार्गाने धरलेली ही दिशा फार जुनी आहे. सुरत बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जायचा, तो याच पट्ट्यातून. गाडीत बसल्यावर उजव्या हाताला, दक्षिणेकडे, जे डोंगर उठत जातात त्यांच्या पलीकडे साल्हेर आणि मुल्हेर हे दोन किल्ले आहेत. तिथे, म्हणजे बागलाणात, 1638 पर्यंत बागुल घराण्याचे राज्य होते. त्यातला शेवटचा मोठा राजा म्हणजे प्रतापशाह.

प्रतापशाहाचे नाव शाळेच्या पुस्तकात नाही. त्याने साम्राज्य उभारले नाही, मोठी लढाई जिंकली नाही. तरीही त्याच्याविषयी एका संस्कृत कवीने, एका मोगल बादशहाने आणि एका इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. एवढे साक्षीदार लाभलेला छोटा राजा आपल्या भागात दुसरा क्वचितच सापडेल. हे साक्षीदार काय सांगतात, कुठे एकमेकांशी जुळतात, कुठे फारकत घेतात आणि त्यातून या माणसाचे चरित्र कितपत उभे राहते, हा या लेखाचा विषय.

लहान राजांची चरित्रे लिहिण्याची परंपरा युरोपात चांगली रुजली आहे. पोलंडचेच पाहा. ड्यूक बोलेस्लाव तिसरा 1138 मध्ये वारला, राज्य मुलांमध्ये वाटले गेले आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षे तो देश पिआस्ट घराण्यातल्या लहानमोठ्या ड्यूकांच्या हातात तुकड्यातुकड्यांनी राहिला. त्यातल्या श्विद्नित्साच्या बोल्को दुसऱ्याला लोक ‘लहान बोल्को’ म्हणत. एका बाजूला बोहेमिया, दुसऱ्या बाजूला पोलंड, मध्ये याचे चिमुकले राज्य. आपल्या पुतणीचे, आन्नाचे, लग्न त्याने 1353 मध्ये बोहेमियाच्या चौथ्या चार्ल्सशी होऊ दिले आणि 1368 मध्ये मरेपर्यंत स्वतःचे स्वातंत्र्य टिकवले. मूल नसल्याने त्याच्या विधवेनंतर, 1392 मध्ये, राज्य बोहेमियात विरले. पोलिश अभ्यासक अशा ड्यूकांचे एकेक दानपत्र, एकेक मोहोर तपासतात. बागलाणच्या राजांची स्थिती बरीचशी अशीच होती. त्यांच्या वाट्याला तेवढे लक्ष मात्र आले नाही.

बागुल घराणे जुने. ते स्वतःला कनौजच्या राठोडांचे वंशज म्हणवीत. गुजरातचा कर्ण वाघेला अलाउद्दीन खिलजीच्या फौजांपुढे अणहिलवाड सोडून पळाला तेव्हा देवगिरीच्या रामदेवरायाच्या आधाराने त्याने काही वर्षे बागलाणातच काढली, ही कथा परिचित आहे. त्यानंतरच्या धामधुमीत बागुल पुढे येतात. खानदेशात फारुकी घराण्याचा पाया घालणाऱ्या मलिक राजाने 1370 मध्ये बागलाणच्या राजाकडून खंडणी घेतली. पुढे बहमनी, निजामशाही, गुजरातचे सुलतान असे एकामागून एक येत गेले. कुणी मुलूख जाळला, कुणी खंडणी नेली. राज्य मात्र कुणालाही कायमचे घेता आले नाही. या अडीचशे वर्षांचा तपशील तुटक आहे आणि तो बहुतेक शत्रूंच्या बखरनविसांनी लिहिलेला आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही.

यात अभ्यासकाला चकवणारी एक गाठ आहे. फारसी ग्रंथांत बागलाणचा राजा कायम ‘भारजी’ किंवा ‘बहारजी’ याच नावाने येतो. 1370 मध्येही भारजी, 1573 मध्येही भारजी, 1638 मध्येही भारजी. वरवर वाचणाऱ्याला वाटावे की एकच माणूस पावणेतीनशे वर्षे जगला. या गाठीची उकल जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. या राजाचे खरे नाव प्रताप, आणि तिथे जो कोणी गादीवर येतो त्याला भारजीच म्हणतात, असे तो स्पष्ट लिहितो. म्हणजे भारजी हा किताब आहे. हे लक्षात न घेता लिहिलेल्या जुन्या मजकुरात एका राजाची कर्तबगारी दुसऱ्याच्या खात्यावर पडलेली दिसते. बागलाणवर लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर ही सूचना द्यायला हवी.

सुरतेशी या घराण्याचा ठळक संबंध येतो तो 1573 मध्ये. अकबराने सुरतेच्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि फेब्रुवारीअखेर किल्ला पडला. त्या छावणीत बागलाणचा तेव्हाचा भारजी हजर झाला आणि त्याने एक कैदी बादशहापुढे उभा केला. तो कैदी म्हणजे मिर्झा शरफुद्दीन हुसेन, अकबराच्या सावत्र बहिणीचा नवरा. दहा वर्षांपूर्वी तो बंड करून निघाला होता आणि बागलाणातून जाताना पकडला गेला. गुजरात मोगलांच्या हाती जाणार हे भारजीने ओळखले होते. नव्या धन्याशी ओळख करून द्यायला याहून मोलाची भेट कोणती असणार? राज्याच्या सीमेपाशी महासत्ता आली त्याच क्षणी त्याने पहिली चाल खेळली.

आता पहिला साक्षीदार. रुद्रकवी हा मुल्हेरच्या दरबारातला कवी. संस्कृतात मुल्हेर म्हणजे मयूरगिरी. प्रतापशाहाचा बाप नारायणशाह याच्या पदरी असताना रुद्राने 1596 मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचे महाकाव्य पुरे केले. कैलासावर शिवपार्वती द्यूत खेळत असताना शिवाच्या मस्तकावरच्या चंद्रातून एक मुलगा प्रकटला, त्याच्यापासून हा वंश सुरू झाला, अशी आरंभीची कथा. तिथून कनौज, मग दक्षिणेत येणे, मग एकेक राजा. पहिले सर्ग पुराणाच्या अंगाने जातात. नारायणशाहाच्या जवळ येतो तसतसा कवी डोळ्यांनी पाहिलेले सांगू लागतो आणि तिथे काव्याचे ऐतिहासिक मोल वाढते.

हे काव्य 1917 मध्ये बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत पाचवा ग्रंथ म्हणून छापले गेले. संपादक एम्बार कृष्णमाचार्य, प्रस्तावना चिमणलाल दलाल यांची. ही ग्रंथमाला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघाली. महाराजांचा जन्म कवळाण्याचा, मालेगाव तालुक्यातला, म्हणजे बागलाणच्या अगदी शेजारचा. गायकवाडांची पहिली गादीही सोनगडला, याच सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवर. बागुलांच्या वंशकाव्याला छापखाना दाखवणारा राजा त्यांच्याच शिवारातून गेलेला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रुद्रकवीचे काम तिथेच थांबले नाही. 1603 मध्ये त्याने अकबराचा मुलगा दानियाल याच्यावर ‘दानशाहचरित’ लिहिले. 1609 मध्ये अब्दुर्रहीम खानखानावर ‘खानखानाचरित’. त्यानंतर जहांगीरवर एक आणि शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्यावर एक. चारही काव्ये प्रतापशाहाच्या वतीने. नावांचा क्रम नीट पाहिला तर त्यात बुऱ्हाणपूरचे राजकारण दिसते. दानियाल दख्खनचा सुभेदार म्हणून बुऱ्हाणपुरात होता. तो 1605 मध्ये वारला. मग दख्खनचा कारभार रहीमच्या हाती, मग गादीवरचा बादशहा, मग दख्खनच्या मोहिमेवर आलेला शाहजादा. ज्याच्या शब्दाला त्या वेळी वजन, त्याच्या दारी मुल्हेरचे काव्य पोचत होते. रहीम स्वतः कवी, अनेक भाषांचा जाणकार आणि संस्कृत पंडितांचा आश्रयदाता. त्याच्याकडे काव्य पाठवणे हा दरबारी रिवाज होताच, पण विनंतीअर्ज म्हणूनही ते बिनतोड होते. अलीकडे ऑड्री ट्रश्के यांनी मोगल दरबारातल्या संस्कृतवर लिहिताना या काव्यांकडे राजनीतीचा दस्तऐवज म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पूर्वीचे टीकाकार त्यांना खुशामत म्हणून बाजूला सारत. माझ्या मते ही काव्ये म्हणजे प्रतापशाहाच्या कारकिर्दीचा पाठीचा कणा आहे. तोफा थोड्या असलेल्या राजाने कवीला वकील केले आणि वीस-पंचवीस वर्षे त्याच्याकडून चोख काम करून घेतले.

दुसरा साक्षीदार विल्यम फिंच, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. 1610 च्या सुरुवातीला तो सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला, व्याऱ्यावरून. त्याला राजाशी काही घेणेदेणे नव्हते, वाट सुरक्षित आहे का एवढेच पाहायचे होते. म्हणून त्याची नोंद सरळ आहे. रस्त्याच्या दक्षिणेला प्रतापशाहाचा मुलूख, त्यात मुल्हेर आणि साल्हेर ही दोन शहरे, प्रत्येकावर जबरदस्त किल्ला. वर चढणारी वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी शेजारी किंवा फार तर एक हत्ती जाईल. वाटेवर पहाऱ्याच्या ऐंशी लहान गढ्या. डोंगराच्या माथ्यावर कुरण, धान्य आणि वाहते पाणी. अकबराने सात वर्षे वेढा दिला आणि शेवटी तडजोड केली, असे फिंच सांगतो. व्यापाऱ्यांना सपाटीवरून सुखरूप पोचवायचे, त्या बदल्यात सपाटीवरची काही गावे प्रतापशाहाला. राजाचा एक मुलगा बुऱ्हाणपुरात ओलीस.

सात वर्षांचा वेढा हे फिंचने वाटेत ऐकलेले. मोगल ग्रंथांत असा सलग वेढा येत नाही, त्यामुळे तो आकडा जपून घ्यावा. पण तडजोडीचे जे स्वरूप त्याने दिले आहे ते सगळ्या पुराव्याशी जुळते. बागलाणचे खरे उत्पन्न शेतीइतकेच या वाटेवर होते, आणि बादशाहीलाही डोंगर जिंकण्यापेक्षा वाट चालू राहण्याची गरज जास्त होती. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या पुढे याच वाटेने गेला तेव्हा त्याने नवापूरच्या बारीक, कस्तुरीचा वास येणाऱ्या तांदळाची तारीफ केली. रखवालदार सांभाळून ठेवावा इतकी ही वाट श्रीमंत होती.

फिंचचीच आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. महमुदी नाणी मुल्हेरला पडतात, असे तो लिहितो. महमुदी हे गुजरातच्या सुलतानांच्या काळापासून चालत आलेले चांदीचे नाणे, किंमत रुपयाच्या निम्म्याच्या आसपास. सुरतेच्या बाजारात आणि इंग्रजांच्या वखारीत सुरुवातीचे हिशेब याच नाण्यात मांडले जात. नाणेतज्ज्ञांनी बागलाणच्या म्हणून ओळखलेल्या महमुद्यांवर नाव अकबराचे आहे. नाव बादशहाचे, टांकसाळ आपली, आणि चालायचे कुठे तर सुरतेत! प्रतापशाहाच्या धोरणाचा याहून ठोस पुरावा मागायची गरज नाही. सुरतेच्या सराफाच्या हातातले नाणे डोंगरातल्या राजाचे होते.

तिसरा साक्षीदार खुद्द जहांगीर. खुर्रम दख्खनहून परतला तेव्हा, 1617 मध्ये, प्रतापशाह त्याच्याबरोबर मांडूला बादशहाच्या भेटीस गेला. शाहजादा बुऱ्हाणपूरला असताना त्याने अकरा हत्ती नजर केले होते. बादशहाने त्याला रत्नजडित तलवार, हत्ती, घोडा, मानाचा पोशाख आणि काही दिवसांनी तीन अंगठ्या दिल्या. जहांगीरला माणसाची आणि फळांची पारख होती, आणि त्याने दोन्ही नोंदवली. बागलाणचे आंबे मोठे आणि गोड, कैरीपासून शेवटच्या फळापर्यंत नऊ महिने मिळतात. द्राक्षे पुष्कळ, पण उत्तम प्रतीची नव्हेत. त्याआधी ‘ऐने अकबरी’नेही बागलाणची जर्दाळू, सफरचंद, द्राक्षे, अननस, डाळिंबे वाखाणली होती. आज बागलाणातल्या सटाण्याची द्राक्षे आणि डाळिंबे सुरतेच्या बाजारात येतात त्यामागे निदान चार शतकांची बागाईत आहे.

राजाबद्दलचे जहांगीरचे मत मात्र फळांपेक्षा महत्त्वाचे. गुजरात, दख्खन आणि खानदेश या तिघांशी वागताना या राजाने सावधपणाचा धागा कधी सोडला नाही. एकाने हात पुढे केला की दुसऱ्यांच्या आधाराने तो निभावून गेला. तीनही प्रांत बादशाहीत आल्यावर त्याने बुऱ्हाणपूरला अकबराची भेट घेतली आणि तीन हजारांची मनसब स्वीकारली. आधीच्या भारजीने 1573 मध्ये सुरतेला घेतलेली भेट यात जहांगीर सांगत नाही, हे नोंदवायला हवे. तरीही एका बादशहाने एका छोट्या राजाच्या मुत्सद्दीपणाची इतकी नेमकी समीक्षा करावी ही विरळा गोष्ट आहे.

फौजेच्या आकड्यांत तिघांचे पटत नाही. ‘ऐने अकबरी’ आठ हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ सांगते. फिंच चार हजार उत्तम जातीच्या घोड्या आणि शंभर हत्ती. जहांगीर म्हणतो, पदरी पंधराशे स्वार, प्रसंग पडला तर तीन हजार. मी जहांगीरचा आकडा धरतो. ‘ऐने अकबरी’ अबुल फजलने लिहिली तेव्हा बागलाण मोगलांच्या कारभारात नव्हते, आकडा दुरून आलेला. फिंचने वाटेवर ऐकलेले. जहांगीरच्या वेळेपर्यंत राजा मनसबदार झालेला होता, त्याचे स्वार बादशाही कारकुनांच्या नजरेखालून गेले होते. 1630 च्या सुमारास ख्वाजा अबुल हसन नाशिक-त्र्यंबकच्या मोहिमेवर आठ हजार स्वारांनिशी आला तेव्हा त्या वेळचा भारजी त्याला चारशे स्वारांनिशी सामील झाला. इतकी लहान तुकडी घेऊन जाणाऱ्याकडे आठ हजारांचे घोडदळ असेल हे पटत नाही.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. 1630 ते 1632 या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळले. पीटर मंडी हा इंग्रज 1630 च्या शेवटी सुरतेहून याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. रस्त्यात आणि गावात पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. ज्या वाटेवर बागलाण जगत होते ती वाटच ओस पडली. राज्य बुडण्याची कारणे सांगताना औरंगजेबाचे नाव सगळे घेतात, या दुष्काळाचे कुणी घेत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

दुसरे कारण राजकीय. निजामशाही 1636 मध्ये संपली. आता गुजरात मोगलांचा, खानदेश मोगलांचा, अहमदनगरही मोगलांचे. एकाविरुद्ध दुसऱ्याचा आधार घ्यायचा तर दुसरा उरलाच नव्हता. वाटेची दोन्ही टोके आणि मधला सगळा पट्टा एकाच सत्तेचा झाला तेव्हा मधल्या रखवालदाराची गरज संपली. तरुण औरंगजेबाला दख्खनची सुभेदारी मिळाली आणि बागलाण घेण्याचा हुकूम झाला. मालोजी दख्खनी आणि मुहंमद ताहीर यांच्या हाताखाली फौज आली. जानेवारी 1638 मध्ये मुल्हेरची माची लढून घेतली गेली. फेब्रुवारीत तेव्हाच्या भारजीने आपल्या आईला वकिलासह औरंगजेबाकडे पाठवले, बरोबर आठ किल्ल्यांच्या किल्ल्या. अट एवढीच की मनसब मिळावी आणि शहाद्याजवळचा सुलतानपूर परगणा राहायला द्यावा. अट मान्य झाली. जूनमध्ये तो गड उतरला. मुल्हेरचे नाव औरंगगड झाले. पुढे त्याच्या मुलाने इस्लाम स्वीकारला आणि त्याला दौलतमंदखान हा किताब मिळाला. भारजीचा जावई सोमदेव याचे रामनगर, म्हणजे आजचे धरमपूर, हेही घेतले गेले. पण खर्च उत्पन्नाहून जास्त येतो असे दिसल्यावर वर्षाला दहा हजारांच्या खंडणीवर ते त्याला परत मिळाले.

या शरणागतीला भ्याडपणा म्हणण्याची चाल आहे. ती मला मान्य नाही. गडावर बसून मरणे त्याला शक्य होते. त्याऐवजी बोलणी करायला त्याने घरातली वडीलधारी बाई पुढे केली, राहायला शेजारचाच परगणा मागितला आणि माणसे वाचवली. घराण्याच्या तीनशे वर्षांच्या रीतीला ते धरूनच होते. त्या आईचे नाव एकाही ग्रंथाने दिलेले नाही.

ही पोकळी फक्त तिच्यापुरती नाही. सगळे साक्षीदार राजाविषयी बोलतात. डोंगरातले भिल्ल, कोकणा, वाटेवर बैल हाकणारे, टांकसाळीत चांदी वितळवणारे यांच्याविषयी कुणीच बोलत नाही. शेजारच्या डांगात गाढवी, आमाला, वासुर्णा, पिंपरी आणि लिंगा इथल्या पाच भिल्ल राजांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या दरबारात मानाने बोलावून सालाना दिला जातो. बागलाणच्या प्रजेचा इतिहास शोधायचा तर डांगातल्या आणि सटाण्यातल्या तोंडी परंपरांकडेच जावे लागेल. अभ्यासाची पुढची दिशा मला तीच दिसते.

मुल्हेर-साल्हेरची पुढची कथा मराठी माणसाला पाठ आहे. शिवाजी महाराजांनी साल्हेर 1671 मध्ये घेतला आणि 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी त्याच्या पायथ्याशी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या यादीतून साल्हेर जागतिक वारसा ठरला. हा गौरव सार्थ आहे. पण महाराजांनी घेतलेला गड शतकानुशतके कुणी राखला होता, हेही त्याच फलकावर लिहिले गेले पाहिजे.

नवागाम, डिंडोली, लिंबायत इथली मंडळे शिवजयंतीला साल्हेरची लढाई सांगतात, मुलांकडून पोवाडे म्हणवून घेतात. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी त्या कार्यक्रमात प्रतापशाहाला आणि रुद्रकवीला दहा मिनिटे द्या. सुरतेच्या महानगरपालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांनी इतिहासाच्या तासाला सुरत-बुऱ्हाणपूर वाटेचा नकाशा फळ्यावर काढावा आणि मुलांना आपापले गाव त्यावर शोधायला सांगावे. आणि ज्यांना संस्कृत येते त्यांनी ‘राष्ट्रौढवंश’ हातात घेऊन त्याचे शेवटचे सर्ग मराठी वाचकांसाठी समजावून लिहावेत. ग्रंथ छापून शंभरावर वर्षे झाली आहेत.